आवडतं म्हणून

जुलै संपत आला की सेंदाईच्या बाहेर भातखाचरांच्या कडेने तादे माजतं. मुद्दाम थांबून बघावं असं त्यात काहीही नाही. लांबट पानं, तांबूस देठ, चिखलात पाय रोवून उभं असलेलं एक साधं तण. पान तोडून चावलं तर आधी वाटतं, हॅ, गवत आहे. मग चार-पाच सेकंदांनी जिभेच्या शेंड्याला अशी काही आग लागते की माणूस पाणी शोधत धावतो. गाईगुरं त्याला तोंड लावत नाहीत. आणि एक छोटासा तपकिरी भुंगेरा अंड्यातून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंत हेच खात राहतो. त्या भुंगेऱ्यावर माझं पोट चालतं. म्हणजे मी त्याचा अभ्यास करते, गैरसमज नको.

परवा लॅबमधला नवीन विद्यार्थी पहिल्यांदाच माझ्याबरोबर शेतावर आला होता. मी सगळ्यांना देते तसं त्यालाही एक पान चावायला दिलं. बिचारा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी मान लववून म्हणाला, “फार वेगळी चव आहे.” जपानी माणूस याहून मोठी शिवी देत नाही. मग सावरल्यावर त्याने विचारलं, “सामंत-सान, तुम्ही हाच किडा का निवडला?” मी म्हटलं, “आवडतो.” तो वही उघडून, पेन टेकवून पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. पुढचं वाक्य नव्हतंच. शेवटी त्याने वही मिटली आणि आम्ही सायकली काढल्या.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात २०११च्या मोठ्या भूकंपानंतरचा उन्हाळा फिरत होता. त्या एका उन्हाळ्यात मला हा प्रश्न इतक्या लोकांनी, इतक्या तऱ्हांनी विचारला की अजून कुणी “का” म्हटलं की माझे कान तापतात.

इथल्या भाषेत या तणावरून आणि त्यावर जगणाऱ्या किड्यावरून एक म्हण आहे: तादे खाणारा किडाही असतोच, ज्याची त्याची आवड. एखाद्याची आवड आपल्या समजण्यापलीकडची असली, चांगल्या घरातली मुलगी भलत्याशीच लग्न करून बसली, की लोक ती म्हण टाकतात आणि मंद हसतात. माझा विषय कळला की समोरच्याला ती आठवतेच. टॅक्सीवाल्याला आठवते, डेंटिस्टला आठवते, व्हिसा कचेरीतल्या बाईंनासुद्धा आठवली होती. सुरुवातीला मला गंमत वाटायची. मग त्या हसण्याचा राग यायला लागला. त्या म्हणीत सगळ्यांचं म्हणणं आहे, फक्त किड्याचं नाही. त्याला कुणी विचारलंय? त्याच्या दृष्टीने त्यात विचित्र काय? त्याचं ते जेवण आहे. आपण लांब उभे राहून “असतात बाई एकेकाच्या आवडी” म्हणतो तेव्हा मनातून आपलंच ताट बरोबर असं धरून चाललेलो असतो. मला असला मोठेपणा नको होता. नको असलं तर नको म्हणा, पण तोंडावर म्हणा.

तोंडावर म्हणणारी एकच बाई मला इथे भेटली. किकुची-सान. आमच्या लॅबमध्ये किडे वाढवणं, पानं मोजणं, नोंदी ठेवणं हे सगळं त्यांच्याकडे होतं. तेव्हा साठीला आलेल्या, माझ्या खांद्याइतक्या उंचीच्या, आवाज मात्र खणखणीत. त्या डब्यात नात्तो आणायच्या, म्हणजे आंबवलेलं तार सुटणारं सोयाबीन, आणि त्यावर चक्क साखर घालून खायच्या. त्यांच्या गावाकडे तसंच खातात म्हणे. तोक्योहून आलेली मुलं ते बघून तोंड फिरवायची. किकुची-सान अजून एक चमचा साखर घालायच्या, सगळ्यांना दिसेल अशी.

त्या मार्चमध्ये जमीन हलली तेव्हा आम्ही दोघी एकाच टेबलाखाली होतो. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांचं काही गेलं त्यांनी लिहावं. माझं गेलं नाही. आम्ही मैदानात येऊन उभ्या राहिलो तर बर्फ पडायला लागला. वीज गेली, हिटर गेले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो भुंगेऱ्यांचा. लाज वाटते सांगायला, पण आला. हिवाळाभर ते फ्रीजमध्ये झोपलेले असतात. वीज नाही म्हणजे फ्रीज नाही, फ्रीज नाही म्हणजे मेले. पण झालं भलतंच. इमारत इतकी गारठली की फ्रीजची गरजच उरली नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी हेल्मेट घालून दहा मिनिटं आत जाऊ दिलं, तेव्हा किकुची-साननी भुंगेऱ्यांचा प्लॅस्टिकचा डबा आपल्या जेवणाच्या पिशवीतून बाहेर आणला. माणसं आपले लॅपटॉप आणत होती.

आणि मी? मी पळाले. खरं तेच सांगायचं तर पळाले. बसने, मग दुसऱ्या बसने, मग विमानाने, पुण्यात आईच्या हातचा वरणभात खायला. तीन आठवडे मी कोथरूडच्या घरात टीव्हीसमोर बसून होते. सगळे येऊन भेटून जायचे. “सुटलीस बाई,” म्हणायचे. मी मान हलवायचे. आणि मला आठवायचा तो डबा. किकुची-साननी तो घरी नेला होता, जिन्याखाली, सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवला होता. एक दिवस त्यांची मेल आली. दोनच ओळी. “एकही मेलेला नाही. तादेचं बी पेरायची वेळ झाली आहे.” या, परत या, असं एका शब्दाने नाही. मी तिकीट काढलं.

घरात जे काही झालं ते झालं. आई रडली. बाबा सरकारी खात्यात छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. आवाज न चढवता माणसाला गप्प करायची त्यांना सवय. विमानतळावर सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, “तिकडच्या उन्हाळ्यापर्यंत बघू.”

तो उन्हाळा, म्हणजे इथले जून ते ऑगस्ट, मला चवीचवीने आठवतो. वीज वाचवायची म्हणून स्टेशनवरचे सरकते जिने बंद, दुकानांत अर्धे दिवे, ऑफिसमधल्या पुरुषांचे टाय गायब. लॅबमध्ये एसी नाही. आम्ही गळ्यात ओले टॉवेल घालून बसायचो. किडे वाढवायची खोली बंद करून टाकली होती, म्हणून आमच्या कुंड्या मागच्या व्हरांड्यात आल्या. विकतची माती, विकतचं बी, जाळीचं आच्छादन, आणि आत हिरवंगार तादे. पावसाळी ओल, झाडांवरच्या सिकाडा किड्यांचा कर्कश आवाज, ओल्या टॉवेलचा कुबट वास, दुपारी किकुची-सान आणायच्या त्या गार बार्ली चहाची जळकट चव. संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना केयाकीच्या झाडांखालचा तो लांबलचक रस्ता. जमीन मधूनमधून थरथरायची, सायकल चालवताना कळायचंसुद्धा नाही, फक्त सिग्नलचे दिवे डुलताना दिसायचे. मला ते शहर तेव्हा इतकं आवडलं! का ते विचारू नका. मला त्या रस्त्याने घरी जायला आवडायचं, एवढं मला नक्की माहीत होतं.

आणि दर रविवारी सकाळी साडेदहाला बाबांचा फोन.

त्यांनी पुण्यात माझ्यासाठी नोकरी बघितली होती. एका कॉलेजात, कायम, घरापासून वीस मिनिटांवर. त्यांचे मित्र तिथल्या कमिटीवर. गणपतीच्या आधी रुजू व्हायचं, जुलैअखेर हो किंवा नाही कळवायचं. “अशी जागा परत निघणार नाही,” बाबा म्हणायचे. आणि ते खरंच होतं. माझं इथलं कंत्राट वर्षा-वर्षाचं, पुढे काय ते कुणालाच ठाऊक नाही. शहाण्या माणसाने एक मिनिट विचार केला नसता.

अशातच एक दिवस पुण्याच्या एका वर्तमानपत्रातून फोन आला. कुणी माझं नाव दिलं कोण जाणे. भूकंपानंतर जपानला परत गेलेली मराठी मुलगी, त्यांना मुलाखत हवी होती. 

“मॅडम, इतकं सगळं झाल्यावर परत का गेलात?” 

“माझे किडे होते इथे.” 

“किडे?” 

“भुंगेरे. एका तणावर जगतात.” 

गृहस्थ म्हणाले, “बरं, पण आपत्तीग्रस्तांसाठी काही करता का?” 

मी म्हटलं, दोन रविवार किनाऱ्याकडच्या गावात त्सुनामीचा चिखल उपसायला गेले होते, सगळेच जातात. 

“वा!” ते म्हणाले, “वा!” 

आठ दिवसांनी छापून आलं. संकटग्रस्तांच्या सेवेसाठी जिवावर उदार होऊन परतलेली पुण्याची लेक. भुंगेऱ्यांचा पत्ता नाही.

बाबांनी ते कात्रण अख्ख्या सोसायटीत फिरवलं. त्या रविवारी त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मऊ होता. “तू बोलली नाहीस कधी,” ते म्हणाले. “मी कॉलेजात बोललोय. सेवेचं काम आहे म्हटल्यावर ते सहा महिने जागा राखून ठेवायला तयार आहेत. कर तू तुझं काम. पुण्याचं काम आहे.” 

मला कपाळावर हात मारावासा वाटला. आयती सुटका चालून आली होती. नुसतं गप्प राहायचं होतं. सहा महिने मिळाले असते, बाबांची छाती फुगलेली राहिली असती, आईने देवासमोर दिवा लावला असता. त्या दिवशी मी हो-हो म्हणून फोन ठेवला. आणि आठवडाभर स्वतःवरच चिडचिड करत राहिले.

त्याच आठवड्यात मी प्रयोग खाल्ला.

झालं असं की घरात मिरची नव्हती. सेंदाईत हिरवी मिरची तेव्हा मिळायची ती ढोबळीची चुलत बहीण, तिखटाच्या नावाने शून्य. मला ठेचा हवा होता. सगळ्यावर राग आला असताना माणसाला ठेचा लागतो. संध्याकाळी व्हरांड्यातून जाताना तादेच्या कुंड्या दिसल्या आणि माझा हात गेला. मूठभर पानं, घरी आणून लसूण, दाणे, मीठ घालून खलबत्त्यात कुटली. भाताबरोबर खाल्लं. नाकातून, कानातून धूर! असा ठेचा मी जन्मात खाल्ला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठभर तोडली. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी किकुची-सान तक्ता घेऊन धावत आल्या. “सामंत-सान! चार कुंड्यांत किडे दुपटीने खायला लागलेत! असं कधीच झालं नव्हतं!” त्या इतक्या खुशीत होत्या की मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. शोध लावला होता आम्ही. मी म्हटलं, “किकुची-सान, ते किड्यांनी नाही खाल्लं. मी खाल्लं.” 

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं. पेन काढलं, त्या चार रकान्यांवर रेघ मारली, आणि शेऱ्याच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं, “मोठा किडा, एक, पुण्याचा.” तो तक्ता अजून लॅबच्या फाईलमध्ये आहे. आमच्या प्रोफेसरांनी त्यावर शिक्काही मारलाय.

मग त्या म्हणाल्या, “आण बघू, त्या पानांचं काय करून खातेस ते.” 

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्यात बसून मी त्यांना भातावर ठेचा वाढला. त्यांनी घास घेतला. चार-पाच सेकंद गेले. चेहरा आक्रसला, टॉवेल तोंडाला लागला, बार्ली चहाचा अख्खा ग्लास रिकामा झाला. मी वाट बघत होते की आता त्या “फार वेगळी चव आहे” म्हणणार. 

“भयंकर आहे,” त्या म्हणाल्या. “अजिबात आवडलं नाही. हे तू रोज खातेस?” 

“रोज.” 

“बरं. आता हे खा.” आणि त्यांनी साखर घातलेला नात्तो माझ्यासमोर सरकवला. 

मी खाल्ला. अगं आई गं! गोड, बुळबुळीत, वासाने जीव नकोसा. “भयंकर आहे,” मी म्हटलं. “अजिबात आवडलं नाही.” 

किकुची-सान मनापासून हसल्या. मी त्यांना तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. मग प्रत्येकीने आपापला डबा आपल्यापुढे ओढला आणि आम्ही जेवायला लागलो. 

जेवताना मी त्यांना कॉलेजची नोकरी, कात्रण, सहा महिने, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या राहा म्हणतील किंवा जा म्हणतील. त्यांनी पाट्यावरचं पुसून घ्यावं तसं शेवटचं सोयाबीन चॉपस्टिकने गोळा केलं आणि विचारलं, “तुझ्या वडिलांना माहीत आहे का तुला किडे आवडतात ते?” 

मी म्हटलं, “त्यांना माझा विषय माहीत आहे.” 

“ते नाही विचारलं मी,” किकुची-सान म्हणाल्या आणि डबा धुवायला उठल्या.

मी बरेचदा विचार करते, आपल्याकडे “मला आवडतं” हे म्हणायला एवढी भीती का? मुलगी परदेशी राहिली तर पैशासाठी राहावी, नवऱ्यासाठी राहावी, फार तर देशाचं नाव काढायला राहावी. ही कारणं चालतात, ती शेजारी सांगता येतात. आवडीचं कारण सांगितलं की लोकांना वाटतं ही काहीतरी लपवतेय. इथेही वेगळं नाही. त्या उन्हाळ्यात जो तो माझ्यात काहीतरी थोर शोधत होता. शेजारच्या आजी मला बघून हात जोडायच्या, तू राहिलीस म्हणून. मला ओशाळं व्हायचं. अहो, मी तुमच्यासाठी नाही हो राहिले! मला तुमचं गाव आवडतं, तुमचा गारठा आवडतो, तुमच्या बांधावरचं तण आवडतं. त्यात त्याग कुठला आलाय? आणि त्याग नाही म्हणून माझं राहणं हलकं ठरणार असेल तर ठरू दे हलकं. मी कुणाला वजन करायला बोलावलं नव्हतं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी मी खिडकी उघडून, पंखा बंद करून, फोनसमोर बसले होते. साडेदहाला तो वाजला.

“बाबा, ते छापून आलंय ते खोटं आहे.”

“म्हणजे?”

“मी कुणाची सेवाबिवा करत नाही. मी दिवसभर किडे मोजते. मला ते आवडतं. इथे राहायला आवडतं. म्हणून परत आले, आणि म्हणून राहणार आहे. सहा महिने नाही. त्यांना जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा.”

त्यांचा तो न चढणारा आवाज. “आवडतं, हे काय कारण झालं?”

“मला पुरतं.”

“लोकांना काय सांगू मी?”

“सांगा, मुलीला किडे आवडतात.”

“तुला गंमत वाटतेय,” बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज किंचित कापला. “छत्तीस वर्षं ऑफिसात गेलो मी. मला कुणी विचारलं होतं का, तुम्हाला आवडतं का म्हणून? तुझ्या आजोबांनी? तुझ्या आईने? तू?”

मी त्यांच्याशी भांडायची पूर्ण तयारी करून बसले होते, आणि त्यांनी बोट ठेवलं ते बरोबर जागेवर. माझे डोळे भरून आले, पण मागे हटायचं नव्हतं.

“नाही विचारलं,” मी म्हटलं. “चुकलं माझं. आता विचारते. तुम्हाला काय आवडतं, बाबा?”

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. आधी वाटलं चिडलेत. मग कळलं, ते शोधताहेत.

“असं एकदम काय विचारतेस,” ते म्हणाले. “ठेवतो मी.”

सोमवारी सकाळी मी कॉलेजला नकाराची मेल पाठवली. चार ओळी लिहिल्या, कारण एका ओळीत लिहिलं, जे होतं तेच लिहिलं. मग जाऊन कुंड्या मोजायला बसले. रकाने दोनदा चुकले हे कबूल करते. किकुची-साननी तक्ता माझ्या हातातून काढून घेतला आणि आकडे मोठ्याने सांगायला लावले, त्यांनी लिहून घेतले.

पुढच्या रविवारी साडेदहाला फोन वाजला नाही. अकरा झाले. साडेअकरा झाले. मी कपडे वाळत घातले, काढले, परत घातले. बारा वाजून गेल्यावर वाजला. बाबा नेहमीसारखं “काय गं, जेवलीस का” म्हणाले नाहीत. एकदम सुरूच झाले.

“आठवडाभर विचार करतोय. आवडतं काय ते काही धड सापडेना. मधे एवढी वर्षं गेली. पण आवडत नाही असं एक सापडलं.”

“काय?”

त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला फोन कानात दाबावा लागला. “पुरणपोळी. मला पुरणपोळी आवडत नाही. कधीच आवडली नाही. घशाखाली उतरत नाही माझ्या.”

“बाबा! तुमच्या दर वाढदिवसाला आई...”

“तेच तर. लग्न झाल्यापासून. पहिल्या वर्षी छान झाली म्हणालो आणि अडकलो.” ते क्षणभर थांबले. “तिला बोलू नकोस हं. उगाच वाईट वाटेल.”

मला हसू येत होतं आणि रडूही. पण त्याहून जास्त, माझ्या अंगात तेव्हा एक हट्ट भरला होता, तो मी त्या उन्हाळ्यात मिळवला होता आणि कुणासाठीही सोडायला तयार नव्हते.

“मी नाही बोलणार,” मी म्हटलं. “तुम्ही बोला. आत्ता.”

“वेड लागलंय का तुला?”

“हो. मी फोन धरून बसलेय. जा.”

ते जातील असं मला वाटलं नव्हतं. पण फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. सपाता घासत स्वयंपाकघराकडे गेल्या. आणि लांबून, पुण्याच्या त्या घरातून, बाबांचा चढलेला आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

“अगं ए, गॅस बंद कर जरा. तुला एक सांगायचंय.”